गिळलेलं वाक्य

मला मारायची काठी मीच तोडून आणली होती. ओढ्याकाठच्या बाभळीची. काटे सोलून, दगडावर घासून गुळगुळीत केलेली. गुरुजींची छडी निंबाची होती, ती वर्गात खुंटीला असायची. ती माझ्या अंगाला लागली तर बाटणार, म्हणून माझी काठी वेगळी. ती शाळेच्या व्हरांड्यात वळचणीला खोचलेली. शाळेत नाव घातलं त्या दिवशीच गुरुजींनी माझ्या बाला बजावलं होतं, "पाटी, पेन्सिल आणि काठी तिची तिनं आणायची." बानं मान डोलावली होती. मी वाढत गेले तशी काठी लांब होत गेली. पहिलीत हातभर. सातवीत माझ्या खांद्याला लागेल एवढी. दर जूनला मी नवी तोडून आणायचे.

त्या दिवशी ती पाटलाच्या धाकट्या मुलाच्या हातात होती. तो माझ्याच वर्गातला. गुरुजी स्वतः मला मारत नसत, ते काम त्याच्याकडे होतं. मी व्हरांड्यात गुडघ्यांवर बसलेली. उजवा हात दगडी उंबऱ्यावर पालथा ठेवायला लावलेला. गुरुजी आतून म्हणाले, "बोटांवर मार. लिहिणारी तीच आहेत."

पहिला फटका. दुसरा. तिसऱ्याला करंगळीशेजारच्या बोटात वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. आवाज आधी आला, कळ मागून आली. आत पोरं हसत होती. आवाज ऐकल्यावर हसायची थांबली. मारणारा मात्र थांबला नाही, कारण गुरुजींनी थांब म्हटलं नव्हतं. किती मारलं ते मी मोजलं नाही. उंबऱ्यावर रक्त होतं, आणि ते उंबऱ्याच्या माझ्या बाजूलाच राहिलं एवढं मी पाहिलं.

हे सगळं एका वाक्यासाठी. तेवढंच सांगायचं आहे मला.

आमचं गाव खर्ड्यापासून दोन कोसांवर. तिथला किल्ला आमच्या माळावरून दिसतो. निजामाची हद्दही जवळच. जर्मन-जपानची मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं. शाळा मारुतीच्या देवळामागच्या दगडी धर्मशाळेत भरायची. महारवाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली मी एकटी. मुलगा नव्हे, मुलगी. माझी आई हट्टाला पेटलेली बाई होती. "फायनल झाली की मास्तरीन हुतीस. मग पाटलाच्या बायकूला बी तुला बाई म्हनावं लागंल," असं ती म्हणायची. सातवीच्या फायनल परीक्षेला कुणाची नावं पाठवायची ते गुरुजींच्या हातात होतं. त्यामुळं आमच्या घरचं सगळं गुरुजींच्या एका सहीवर अडकलेलं.

गुरुजी वाईट शिकवत नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते. इतिहास तर ते असा शिकवत की व्हरांड्यात बसून ऐकतानाही अंगावर काटा यायचा. त्यांची एक पद्धत होती. निबंध लिहायच्या आधी एकच वाक्य लिहायचं. त्याला ते मूळ वाक्य म्हणत. "लढाई झाली, अमुक जिंकला, तमुक हरला, हे कुणीही सांगेल. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते एका वाक्यात सांगा. मग मी ते पाडायला बघीन. पाडता आलं नाही, तरच पुढचा निबंध." पाडायचं म्हणजे खोडून काढायचं. एकेका मुलाचं वाक्य घेऊन ते विचारायचे, "कशावरून? पुरावा काय? उलट कुणी म्हटलं तर?" बहुतेकांची वाक्यं दुसऱ्याच प्रश्नाला आडवी व्हायची.

माझी वही ते हातात घेत नसत. मी उंबऱ्याबाहेरून मोठ्यानं वाचायची, ते आतून ऐकायचे. सात वर्षांत त्यांनी माझं अक्षर पाहिलं नव्हतं. पण ऐकत होते. तेवढ्यावर मी खूश असायची. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार म्हणून गुरुजींनी सातवीला विषय दिला, खर्ड्याची लढाई. दीडशे वर्षांमागं मराठ्यांनी निजामाला हरवलं ती. सगळ्यांनी आपापलं मूळ वाक्य चार दिवसांत आणायचं. पाटलाच्या धाकट्यानं आणलं, "मराठ्यांच्या एकीमुळे खर्ड्याची लढाई जिंकली." गुरुजींनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. शाबास म्हणाले.

मी बाला विचारलं. बा गावचा येसकर. निरोप पोचवायचे, सरपण फोडायचं, मेलेलं जनावर ओढायचं, ही त्याची कामं. त्या कामाबद्दल आमच्या लोकांना गावानं दिलेलं रान होतं, त्याला हाडकी म्हणायचे. खडकाळ तुकडा. तिथं नांगर घातला की शिशाच्या गोळ्या वर यायच्या. बोराएवढ्या. लहानपणी आम्ही त्यांनी गोट्या खेळायचो. बा म्हणाला, "लडाई एका दिसात झाली आसंल. पर मागलं काम आमच्या मान्सांनी दोन म्हैने केलं. घोडी, बैलं, मान्सं. वास सुटल्याला. गावात कुनी जेवंना म्हनून आमास्नी रातध्याड जुपलं. समदं ह्याच रानात आनून पुरलं. माज्या आज्याच्या आज्यानं वडलंय. तो म्हनायचा म्हनं, मेल्याला मानूस कुन्या बाजूचा ते वडताना कळत न्हाई."

"ह्ये कुठं लिवलंय का, बा?"

"आमास्नी कोन इचारतंय लिवायला?"

त्यावरून मी वाक्य लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्या वेळी बसलं. 'खर्ड्याच्या लढाईचा इतिहास अर्धाच लिहिला गेला आहे, कारण जिंकणाऱ्यांना तो विचारला आणि मेलेले ओढणाऱ्यांना कुणी विचारला नाही.' मग मी स्वतःच ते पाडायला बघितलं, गुरुजी बघायचे तसं. पुरावा काय? पाच गोळ्या पदरात बांधल्या. त्यातली एक चपटी होती, कशावर तरी आदळून बसलेली. बा म्हणायचा हाडावर आदळली असेल.

मी वाचलं. गुरुजींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मला वाटलं, आवडलं. खरंच वाटलं तसं.

"पुरावा?" ते म्हणाले.

मी पदर सोडला आणि गोळ्या उंबऱ्यावर ठेवल्या. चूक तिथं झाली. धर्मशाळेची फरशी आतल्या बाजूला उतरती, पाणी मोरीकडे जावं म्हणून. हे मला ठाऊक कसं असणार? मी त्या फरशीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. गोळ्या घरंगळल्या. चार वाटेतच थांबल्या. पाचवी पोरांच्या रांगेतून थेट गेली आणि गुरुजींच्या पायाच्या अंगठ्याला लागली.

ते उडी मारून उठले. एक पोरगं फिस्सकन हसलं. तेवढं हसू त्यांना झोंबलं, असं मला आजही वाटतं. सोवळं गेलं ते अंघोळीनं परत आलं असतं. हसू परत घेता येत नाही. ते ओरडले, "मेलेली ढोरं ओढणारे इतिहास सांगणार? खोटं आहे तुझं वाक्य. खोड ते."

मी म्हटलं, "गुरुजी, खोटं आसंल तर पाडून दाखवा."

उर्मटपणा नव्हता त्यात. त्यांचाच नियम मी त्यांना सांगितला. त्यांनी सात वर्षं मला हेच शिकवलं होतं. पण ते प्रश्न विचारायचे सोडून काठी आणा म्हणाले, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. मार खाताना मी पाहिलं, शाळेचा गडी खराट्यानं गोळ्या मोरीकडे लोटत होता आणि त्यांच्यावर गोमूत्र शिंपडत होता. टाकून दिल्या असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाला चावडीवर बोलावलं. बा जोहार घालून वाकला तो वाकलेलाच राहिला, कारण त्याला तसंच ओढत नेऊन चावडीपुढच्या लिंबाला बांधलं. पाटलानं पायातलं काढलं. थोरल्या, जाड, खिळे मारलेल्या वहाणा. तोंडावर मारलं. "पोरीला बालिस्टर करतूस व्हय रं? गुरुजींच्या अंगावर गोळ्या फेकाया शिकवतूस?"

"न्हाई जी मायबाप, पोर अडानी हाय," बा म्हणत होता. प्रत्येक फटक्याला म्हणत होता. ज्या पोरीला त्यानं अर्धपोटी राहून सातवीपर्यंत शिकवलं तिला तो अडाणी म्हणत होता. त्याचे पुढचे दोन दात पडले. आई माझ्याशेजारी उभी होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून. सारा गाव बघत होता. गिरणीत जायला निघालेल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊनच थांबल्या होत्या.

पाटलानं निकाल दिला. पोरीनं शाळेच्या पायरीवर नाक घासायचं. ते वाक्य नाहीसं करायचं. गुरुजी सांगतील ते लिहायचं. मग गुरुजी मन मोठं करून तिचं नाव फायनलला पाठवतील. नाहीतर नाव नाही.

घरी आल्यावर बा भिंतीला टेकून बसला. तोंड सुजून शब्द फुटत नव्हता. तरी म्हणाला, "घास, पोरी. नाकाला काय हुतंय? आमी जल्मभर घासलं. फायनल झाली की तू हितनं सुटशील." आई माझी बोटं हळद लावून चिंधीनं बांधत होती. तिनं नको म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ती म्हणाली नाही.

मी घासलं. पाच वेळा. पायरी खरबरीत होती, नाकाचं सालपट निघालं. पोरं एक, दोन करत मोजत होती. मग गुरुजी म्हणाले, "पान फाड." मी फाडलं. मला वाटलं चुलीत घालायला सांगतील. ते म्हणाले, "खा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

कागद कोरडा गिळता येत नाही. चावून चावून लगदा करावा लागतो. शाईची चव तुरट, जिभेला बराच वेळ राहते. दोनदा ओकारी आली, दोनदा मी ती परत ढकलली, कारण ओकले असते तर व्हरांडा मलाच धुवावा लागला असता. अख्खं पान खाल्लं. पाटलाचा धाकटा म्हणाला, "दाव तोंड." मी आ करून दाखवलं. जनावराचे दात बघतात तसं त्यानं वाकून पाहिलं.

मग गुरुजींनी सांगितलं ते लिहिलं. 'पेशव्यांची दूरदृष्टी आणि मराठ्यांची एकजूट यांमुळे खर्ड्याची लढाई जिंकली गेली.' उजव्या हातात टाक धरता येईना, म्हणून डाव्यानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. गुरुजी म्हणाले, "आता शहाणी झालीस. नाव पाठवीन."

मी "व्हय जी" म्हटलं. हे मी लपवत नाही. मी व्हय जी म्हटलं आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. त्या क्षणी मला फायनल हवी होती, दुसरं काहीही नको होतं.

दिपोटी साहेब आले त्या दिवशी व्हरांडा सारवला होता. मला खांबाआड बसवलं. बोलायचं नाही, विचारलं तर हात दुखतो म्हणायचं. साहेब काळ्या कोटातले, चष्मा लावलेले. खुर्चीवर बसले. समोर टेबल. टेबलावर घासूनपुसून लख्ख केलेलं पितळी ताट, त्यात तांबडं फडकं, आणि फडक्यावर पाच गोळ्या.

मी खांबाला धरून उभी राहिले. चपटी मधोमध ठेवलेली.

पाटलाचा धाकटा निबंध वाचत होता. शेवटाकडं त्यानं वाचलं, "आमच्या रानात नांगरताना या गोळ्या सापडल्या. आमच्या पूर्वजांच्या पराक्रमाचा हा पुरावा आहे." साहेबांनी चपटी उचलली, चिमटीत धरून उजेडात फिरवली आणि परत ताटात ठेवली. "वा, गुरुजी. फार मोलाची वस्तू." गुरुजी हसले. त्यांनी दुसरी गोळी स्वतःच्या हातानं उचलून साहेबांच्या तळव्यावर ठेवली. उघड्या हातानं.

माझी वही सात वर्षांत त्यांनी हातात घेतली नव्हती. माझ्या पदरातली गोळी अंगठ्याला लागली तर माझी बोटं फोडली. आणि आता त्याच गोळ्यांतली एक ते पेढ्यासारखी उचलून देत होते. म्हणजे माझा पुरावा चालत होता. मी चालत नव्हते. माझं वाक्य खोटं आहे असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. ते खरं आहे हे कळलं म्हणूनच त्यांनी ते मला खायला लावलं. हे मला तिथं, खांबाला धरून उभी असताना कळलं, आणि माझी भीती गेली. सगळी नाही. पण चालण्यापुरती गेली.

मी उंबरा ओलांडला.

फरशी थंड होती. पोरं किंचाळत भिंतींना लागली. मी टेबलापाशी गेले आणि साहेबांच्या समोरून ताट ओढलं. "साहेब, ह्या आमच्या हाडकीतल्या हायेत. म्या उचलल्यात. ही चपटी तीन वर्सांमागं बाजरीच्या काकरीत घावली." मग ते वाक्य म्हटलं. खाल्लेलं वाक्य. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. "आता पाडून दाखवा, गुरुजी. साहेबांफुडं पाडा."

गुरुजी ताट परत साहेबांपुढं सरकवू लागले. एक प्रश्न त्यांना विचारता आला नाही. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बरं, बरं. आधी हिला बाहेर काढा."

"काठी!" गुरुजी ओरडले.

पाटलाचा धाकटा धावला, वळचणीची काठी घेऊन आला आणि डोक्यावर उगारली. मी ती वरच्या वर धरली. मोडक्या बोटांनी. कळ डोक्यात गेली, तरी सोडली नाही. हिसडा दिला तसा तो फरशीवर पडला. काठी माझ्या हातात आली. मीच तोडलेली, मीच सोललेली. मी त्याला मारलं. एकदा. कानाखाली, सगळ्या ताकदीनं. कान फाटला. त्याचं रक्त उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पडलं. मला त्याची लाज वाटत नाही. लोक सांगतात, वाटायला हवी. मी वाट पाहिली, वाटली नाही.

मग सगळे माझ्यावर आले. लाथा, पाट्या, खुर्चीचा पाय. डोक्याला खोक पडली, बरगडी मोडली. ओढत व्हरांड्यात आणून पायऱ्यांवरून खाली टाकलं. ताट आतच राहिलं. पण ओढाओढीत ताटातली चपटी गोळी मी उजव्या मुठीत पकडली होती, आणि मूठ कुणाला उघडता आली नाही. साहेबांनी चहा घेतला, शेरेबुकात शेरा लिहिला आणि टांग्यात बसले. माझ्या अंगावरूनच उतरावं लागलं त्यांना. धोतर जरा वर धरलं. माझं नाव काय, ते त्यांनी विचारलं नाही.

दुपारी आमचं छप्पर पेटलं. पेटवणारे पळाले नाहीत, उभे राहून बघत होते. आत बांधलेलं करडू ओरडून ओरडून गप्प झालं. बाला पुन्हा धरलं, या वेळी हात मोडला. महारवाड्याला गिरणी बंद, दुकान बंद, पाणी बंद. शेजारपाजारच्या आमच्याच बायका आईला म्हणाल्या, "तुझ्या पोरीपायी आमची पोरं उपाशी." त्यांचं खोटं नव्हतं. फायनलचं नाव गेलं ते गेलंच.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. नगरला मामा विडीच्या कारखान्यात होता. जामखेडपर्यंत पायीच. आईच्या डोक्यावर गाडगी, बाचा हात गळ्यात बांधलेला. खर्ड्याचा किल्ला मागं राहिला तेव्हा बा थांबला. दात गेल्यानं त्याचे शब्द वाऱ्यासारखे निसटत होते.

"सही मिळाली आस्ती," तो म्हणाला. "नाक घासून झालं हुतं. कागुद खाऊन झाला हुता. एक दीस गप बसली आस्तीस तर. आता काय करशील?"

माझी मूठ तोवर सुजून मिटूनच राहिली होती. मी ती डाव्या हातानं एकेक बोट धरून उघडली आणि गोळी त्याला दाखवली.

"निबंध पुरा करीन, बा," मी म्हटलं. "वाक्य झालंय, ते कुनाला पाडता आलं न्हाई. आता फुडचं लिवायचं. मेलेली कुनी वडली ते लिवीन. गुरुजींनी काय केलं ते लिवीन. पाटलानं काय केलं, साहेब कसा धोतर वर धरून गेला, ते बी. आन तू मला नाक घास म्हनलास, ते बी लिवीन. तुला वाईट वाटलं तरी लिवीन."